दोन बंदुका, एक टक्केवारी

अमित मसुरकरच्या 'न्यूटन'मध्ये (२०१७) एकाच दिवशी दोनदा बंदूक मतदानाच्या कामी येते. पहिल्यांदा ती मतदारांच्या पाठीमागे असते. दंडकारण्यातल्या एका गावात सकाळपासून केंद्र मांडून बसलेल्या पथकाकडे एकही माणूस फिरकत नाही. मग वरिष्ठ अधिकारी एका विदेशी पत्रकाराला घेऊन येणार असं कळतं, आणि निमलष्करी दलाचे जवान घराघरांतून लोकांना बाहेर काढून केंद्रावर आणतात. दुसऱ्यांदा बंदूक मतदान केंद्राध्यक्षाच्या हातात असते. पथक परत निघालेलं असतं. वाटेत चार गावकरी भेटतात, त्यांना मत द्यायचं असतं. सुरक्षा अधिकारी नाही म्हणतो. तेव्हा न्यूटनकुमार एका जवानाची रायफल हिसकावतो, अधिकाऱ्यावर रोखतो आणि त्या चौघांचं मतदान तिथेच उरकून घेतो.

दोन्ही वेळची मतं एकाच यंत्रात गेली. संध्याकाळी जो आकडा वर कळवला जाईल, त्यात कुठलं मत कुठल्या बंदुकीमुळे पडलं हे ओळखायची काही सोय नाही.

'न्यूटन'वर तेव्हा बरंच लिहून आलं. ऑस्करसाठी भारताकडून तो पाठवला गेला, मग जरा जास्तच लिहून आलं. त्यातलं बहुतेक न्यूटनच्या प्रामाणिकपणाबद्दल होतं, नियमावर बोट ठेवणारा सरळ माणूस आणि वाकडी व्यवस्था वगैरे. ते चूक नाही, पण मला तो सक्तीच्या मतदानावरचा सिनेमा वाटतो. आणि दर निवडणुकीनंतर ती मागणी आपल्याकडे पुन्हा वर येते, म्हणून तो पुन्हा पुन्हा पाहावासाही वाटतो.

मागणीचा क्रम ठरलेला आहे. मतदान होतं. सगळ्यांच्या स्टेटसला शाई लावलेली बोटं येतात. रात्री टक्केवारी येते. २०२४च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं आणि दक्षिण मुंबई, कल्याण जेमतेम पन्नाशीला टेकले. त्यानंतर शिव्या सुरू होतात. सुट्टी घेऊन लोणावळ्याला गेले, यांचं पेट्रोल बंद करा, पासपोर्ट अडकवा, दंड लावा. गडचिरोलीचं उदाहरण त्यात छडीसारखं वापरलं जातं: बघा, तिथले आदिवासी उन्हातान्हात चालत जातात आणि तुम्हाला लिफ्टने खाली उतरवत नाही.

'न्यूटन' घडतो तो गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या जंगलात. मतदानाची वेळ दुपारी तीनला संपते हा सिनेमातला तपशीलही आपल्याकडच्या नक्षलग्रस्त भागातल्या केंद्रांना लागू असतो. गडचिरोलीत लोक बंदुकीच्या धाकाने मत देतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच की ७२ किंवा ५० हे आकडे ऐकून आपण तिथल्या लोकांच्या लोकशाहीवरच्या प्रेमाबद्दल जे काही ठरवतो, ते त्या आकड्यांत नसतं.

सिनेमात जावं लागतं ते यासाठी. गावात मतदार फक्त ७६. सुरक्षा अधिकारी आत्मा सिंगला (पंकज त्रिपाठी) तिथे जायचंच नसतं. त्याच्या दृष्टीने ही नसती जोखीम आहे, आणि गंमत म्हणजे त्याचं म्हणणं मूर्खपणाचं नाही. जवान मेले तर उत्तर त्याला द्यायचंय. न्यूटन मात्र यादी, यंत्र आणि वेळापत्रक धरून बसतो. वाटेत जळालेली घरं लागतात. स्थानिक शिक्षिका मलको (आपली नाशिकची अंजली पाटील) त्यांच्यासोबत असते आणि ज्या गोष्टींचं न्यूटनला आश्चर्य वाटतं त्यांचं तिला काहीच वाटत नाही. तुम्ही इथून काही तासांवर राहता आणि तुम्हाला इथलं काहीच माहीत नाही, अशा अर्थाचं ती त्याला एकदा ऐकवते. त्रागा न करता, सहज.

मग लोक आणले जातात. त्यांना उमेदवार माहीत नाहीत. यंत्र कधी पाहिलेलं नाही. निवडून आलेला माणूस आपल्यासाठी काय करणार, हे ते विचारतात आणि न्यूटनला धड उत्तर देता येत नाही. हे सिनेमातलं सगळ्यात अवघड दृश्य आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली वाक्यं त्याच्या तोंडून एकेक करून निघतात आणि समोरच्या चेहऱ्यांवर आपटून खाली पडतात. शेवटी आत्मा सिंग पुढे होतो. हे एक खेळणं आहे असं समजा, यावर चित्रं आहेत, आवडेल ते बटण दाबा, एवढ्यात तो विषय मिटवतो. रांग सरकते. कॅमेऱ्याला हवं ते दृश्य मिळतं.

सक्तीच्या मतदानाला विरोध करणारे म्हणतील, झालं, हाच तर आमचा मुद्दा. माझ्या व्यवसायात हा युक्तिवाद फार लाडका आहे. फॉर्ममधला फोन नंबरचा रकाना सक्तीचा केला की लोक दहा वेळा नऊ दाबतात आणि पुढे जातात. मत सक्तीचं केलं तरी तेच होणार. ज्याला काही म्हणायचं नाही त्याच्याकडून म्हणवून घेतलं की डेटात कचरा येतो.

मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि 'न्यूटन'शी माझं भांडण इथेच सुरू होतं. कचरा कोणता हे ठरवणारा कोण? त्या ७६ जणांना काही म्हणायचं नाही असं सिनेमात कुठेही सिद्ध होत नाही. त्यांना जे म्हणायचंय त्यासाठी त्या यंत्रावर बटण नाही, इतकंच दिसतं. पण मसुरकर आणि सहलेखक मयंक तिवारी त्यांना फारसं बोलू देत नाहीत. ते घोळक्याने दिसतात, घोळक्याने गोंधळतात, आणि थिएटरात हशा पिकतो तो त्या गोंधळावर. एकट्या मलकोला नाव, आवाज आणि मत आहे, कारण ती आपल्या भाषेत बोलू शकते. न्यूटन त्यांना रिकामी पाटी समजतो, आत्मा सिंग संशयित समजतो आणि सिनेमा, फार प्रेमाने, पार्श्वभूमी समजतो. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीआधी निरक्षरांना मताधिकार देण्याबद्दल हेच बोललं जात होतं. यांना काय कळतंय. तेव्हा उत्तर म्हणून चिन्हं आली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आली. मतदाराला अडाणी ठरवून घरी बसवण्यापेक्षा फॉर्म बदलला.

ऑस्ट्रेलियाने हेच केलं, म्हणून त्या देशाची गोष्ट मला आवडते. तिथे १९२२च्या निवडणुकीत साठ टक्क्यांहून कमी लोक आले होते. १९२४मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी आकडा नव्वदच्या पुढे गेला. दंड आजही किरकोळ आहे, वीस डॉलर. आता सगळ्यांना आणलं की काही जण कंटाळून वरून खाली १, २, ३ असे क्रमांक टाकणारच (तिथे उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा लागतो). याला तिकडे 'डाँकी व्होट' म्हणतात. पक्षांनी त्याचा फायदा उठवला. १९३७मध्ये न्यू साउथ वेल्समधून सिनेटसाठी लेबर पक्षाने जे चार उमेदवार दिले त्यांची आडनावं आमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि ॲशली. चौघंही निवडून आले. उपाय म्हणून तिथे मतदारांची परीक्षा घेतली नाही. मतपत्रिकेवरचा क्रम पुढे चिठ्ठ्या टाकून ठरवायला लागले, आणि टास्मानियात तर छापतानाच नावांचा क्रम फिरता ठेवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर, बग युजरमध्ये नाही, फॉर्ममध्ये आहे, हे त्यांनी मान्य केलं.

त्याच देशाच्या कायद्यात एक वेगळी गोष्ट दडलेली आहे. आदिवासी ऑस्ट्रेलियनांना केंद्रीय निवडणुकीत नाव नोंदवण्याचा सरसकट हक्क १९६२मध्ये मिळाला, पण नोंदणीची सक्ती मात्र इतरांसारखी त्यांच्यावर आली ती १९८४मध्ये. मधली बावीस वर्षं गोऱ्या माणसाला नाव न नोंदवल्याबद्दल दंड होऊ शकत होता आणि आदिवासीला होत नव्हता. ही सवलत नव्हे. त्याच्या न येण्याने कोणाचं काही अडत नव्हतं, असा त्याचा अर्थ. आणि सक्ती आल्यावरही काय झालं? उत्तरेकडच्या लिंगियारी मतदारसंघात, जिथे वस्त्या दूर आणि मतदार मोठ्या प्रमाणावर आदिवासी आहेत, २०२२मध्ये मतदान सत्तर टक्क्यांच्याही खाली राहिलं. कायदा तोच, दंड तोच. जिथे सरकार क्वचित पोचतं तिथे सरकारचा धाकही क्वचितच पोचतो.

आपल्याकडे हा प्रयोग गुजरातने केला. २००९मध्ये तिथल्या विधानसभेने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत मतदान सक्तीचं करणारं विधेयक मंजूर केलं. त्याच विधेयकात महिलांना ५० टक्के आरक्षणही होतं, त्यामुळे विरोध करणाऱ्याची आपोआप पंचाईत. राज्यपाल कमला बेनीवाल यांनी ते परत पाठवलं, विधानसभेने पुन्हा मंजूर केलं, आणि नवे राज्यपाल आल्यावर २०१४मध्ये त्यावर सही झाली. दंड ठरला शंभर रुपये. २०१५च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने सक्तीच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली.

याच गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेज नावाचं ठिकाण आहे. तिथल्या देवळाच्या पुजाऱ्यासाठी, म्हणजे एकाच मतदारासाठी, अनेक निवडणुकांत अख्खं मतदान केंद्र उभं राहिलं आहे. यंत्र, शाई, केंद्राध्यक्ष, पोलीस, सगळं सिंहांच्या जंगलातून नेऊन. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे आणि तो तिथे पाळला जातो. त्या पुजाऱ्यावर मत देण्याची कसलीही सक्ती नाही. सक्ती पथकावर आहे. (हे काम केंद्रीय आयोगाचं आणि तो कायदा राज्याचा, हे खरं. पण जमीन एकच आहे.)

न्यूटनच्या दुसऱ्या बंदुकीचं टोक या दिशेला आहे. त्या चौघांना तो ओढत आणत नाही, ते स्वतःहून आलेले आहेत. ज्याचं काम त्यांना मत देऊ देण्याचं होतं त्याच्यावर तो रायफल रोखतो. मतदान झाल्यावरही तीन वाजेपर्यंत ती खाली घेत नाही, कारण केंद्राची वेळ तीनपर्यंत आहे, आणखी कोणी येऊ शकतं. या दृश्याला लोक वेडेपणा म्हणतात, विनोदी म्हणतात. मला त्यात सक्तीच्या मतदानाची एक अशी व्याख्या दिसते जी आपल्या एकाही विधेयकात सापडत नाही.

इथे थांबता आलं असतं. सक्ती राज्यावर करा, मतदाराला मोकळं सोडा. पण चिलीचं उदाहरण हे इतकं सोपं राहू देत नाही.

चिलीत मतदान आधी सक्तीचं होतं. २०१२पासून नोंदणी आपोआप आणि मतदान ऐच्छिक झालं. २०१९च्या मोठ्या आंदोलनांनंतर पिनोशेच्या काळातली राज्यघटना बदलायची का यावर २०२०मध्ये कौल घेतला गेला. ७८ टक्के लोकांनी बदला म्हटलं. मतदान झालं होतं सुमारे ५१ टक्के. घटना लिहिणारी परिषद निवडताना तर ४३ टक्क्यांच्या आसपासच लोक आले. परिषदेने अत्यंत पुरोगामी मसुदा लिहिला: आदिवासींचे हक्क, निसर्गाचे हक्क, लिंगसमभाव. सप्टेंबर २०२२मध्ये त्यावरचं मतदान मात्र सक्तीचं होतं. ८६ टक्के लोक आले आणि ६२ टक्क्यांनी मसुदा फेटाळला. 'नको' म्हणणारे सुमारे ७९ लाख होते. २०२०मध्ये दोन्ही बाजूंची मिळून मतंच सुमारे ७६ लाख पडली होती.

हा आकडा मी बराच वेळ पाहत बसले. तो मसुदा वाचताना मला आवडलं असतं असं बरंच त्यात होतं. सक्तीने आणलेल्या लोकांनी घोळ केला, असं म्हणणं इथे किती सोयीचं आहे! पण डिसेंबर २०२३मध्ये, पुन्हा सक्तीच्याच मतदानात, उजव्यांचं वर्चस्व असलेल्या परिषदेने लिहिलेला दुसरा मसुदा आला आणि तोही याच लोकांनी नाकारला. म्हणजे ते कोणाच्या सांगण्यावरून बटण दाबत नव्हते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि आधीच्या फेऱ्यांत ते कोणी ऐकलं नव्हतं, कारण ते खोलीतच नव्हते. ४३ टक्क्यांनी निवडलेल्या लोकांनी ८६ टक्क्यांसाठी घटना लिहिली. पडण्याची इतर कारणंही असतील, मसुदा लांबलचकही होता. पण जे येतात त्यांनाच देश समजण्याची किंमत याहून स्पष्ट दिसणं कठीण.

म्हणून सक्तीने लोकशाही खिळखिळी होते, हे मी म्हणणार नाही. चिलीत ती झाली नाही, उलट तिला स्वतःचा चेहरा दिसला. मात्र दोन गोष्टी आधी झालेल्या होत्या: नाव आपोआप यादीत होतं, आणि 'नको' हे उत्तर खरोखर मोजलं जात होतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडे अर्धवट आहे. २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटाचं बटण आलं. २०१९मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला, सत्तावीस हजारांहून जास्त मतं घेऊन. पण विधानसभा-लोकसभेत तो पहिला आला तरी फरक पडत नाही, त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. जोझे सारामागोच्या 'सीइंग' या कादंबरीत (पोर्तुगीज मूळ २००४चं) एका अनाम राजधानीतले लोक रांगा लावून येतात आणि सत्तर टक्क्यांहून जास्त जण कोरी मतपत्रिका टाकतात. सरकार पुन्हा मतदान घेतं, तर कोरी मतं ८३ टक्क्यांवर जातात. कोणी कायदा मोडलेला नाही, टक्केवारी उत्तम आहे, आणि तरी सरकार शहराला वेढा घालून स्वतः निघून जातं. उत्तरार्धात कादंबरी पोलीस तपासाच्या वाटेने जाते आणि मला ती तिथे जरा सैल वाटली. पण पहिली शंभर पानं सक्तीच्या प्रत्येक समर्थकाला भेट द्यावीत अशी आहेत. हजेरी पूर्ण लागली म्हणून वर्ग तुमच्या बाजूने आहे असं होत नाही.

पहिली गोष्ट, यादीची, त्याहून जवळची आहे. हिंजवडीत काम करणाऱ्या नांदेड-परभणीच्या पोरापोरींची नावं अजून गावच्या यादीत असतात. आमचं त्यात फार काही बिघडत नाही. फोनवरून फॉर्म ८ भरा, पत्ता बदला, संपलं. आळस हा आमचा खरा अडथळा आहे, आणि आम्हाला शंभर रुपये दंड लावला तर मी तक्रार करणार नाही.

बीडच्या ऊसतोड कामगारांचं तसं नाही. २०२४ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. म्हणजे गळीत हंगामाचं तोंड. उचल घेतलेली, टोळ्या गाव सोडून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघायच्या बेतात किंवा पोचलेल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवस बुडवला तर तो उचलीतून फिटणार नाही. नाव गावच्या यादीत, कारण चार-पाच महिन्यांनी परत तिथेच जायचंय. पत्ता बदलायचा तर कुठला टाकायचा? फडाचा? अशा माणसाला शंभर रुपये दंड लावा. मुकादम तो भरेल आणि हिशेबात वळता करेल. किंवा उमेदवार गाड्या पाठवेल, आणि गाडी पाठवणाऱ्याला बटण कुठलं दाबलं हे विचारायची गरजच वाटणार नाही. 'न्यूटन'मधली पहिली बंदूक आपल्याकडे अशी जीप होऊन येते.

२०२२च्या शेवटी निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना तयार असल्याचं जाहीर केलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंतची सोय. राजकीय पक्षांनी शंका काढल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या. परक्या राज्यात त्या केंद्रावर आमचा प्रतिनिधी बसवायचा कसा, हा प्रश्न खोटा नाही. २०२४च्या लोकसभेत ते यंत्र कुठे दिसलं नाही. त्याच निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या मतदारांच्या घरी जाऊन मत घेतलं गेलं, म्हणजे पथक निघायचं म्हटलं तर निघतं.

साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड कामगारांचे तळ असतात, पाचटाच्या कोप्यांचे, दर वर्षी जवळपास त्याच जागी. कोणत्या कारखान्यावर किती कोयते, कुठल्या तालुक्यातून, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेलं असतं. दोन किलोमीटरचा दंडक गावापासून मोजायचा की कोपीपासून, एवढंच आयोगाला ठरवायचंय.